जुन्या गिऱ्हाईकाचा अभिप्राय: रेंज सुधारली, पण सांगून करत जा

देवरूखला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, ओढ्यावरच्या, नळपाणी योजनेच्या मोटारी जळल्या की माझ्याकडे येतात. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोटारीच्या टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर मी रंगाने माझा नंबर लिहितो. पाणी बंद पडलं की माणूस विहिरीवरूनच फोन लावतो. म्हणजे रेंजचा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे, आणि 2006 पासून मी एकाच मोबाइल कंपनीचा गिऱ्हाईक आहे.

नंबर जाईल या भीतीने थांबलो, असं नाही. जानेवारी 2011 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. 1900 वर पोर्टचा मेसेज टाकायचा, कोड येतो. आमच्या आळीतल्या बऱ्याच जणांनी बदलली. मी थांबलो कारण मारळच्या पुढे डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांपर्यंत या कंपनीची साधी टूजीची रेंज पोचायची. 900 मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, झाडाझुडपांतून आणि जांभ्याच्या भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते. नेट नव्हतं, पण फोन लागायचा. माझ्या धंद्याला तेवढं पुरेसं होतं.

राग आला तो लाइफटाइमच्या वेळी. सुरुवातीला 999 रुपये भरून आयुष्यभर इनकमिंग असं कार्ड घेतलं होतं. 2018 च्या शेवटी मेसेज आला की दर 28 दिवसांनी रिचार्ज नसेल तर इनकमिंगही बंद. तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी हेच केलं, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. दिलेला शब्द मोडला, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मग आला अपग्रेडचा काळ. थ्रीजी आमच्याकडे बाजारपेठेपुरतंच होतं. ते बंद करून फोरजी आणलं, तेव्हा ज्यांच्याकडे थ्रीजीचे फोन होते ते एका रात्रीत परत टूजीवर आले आणि त्यांचं व्हॉट्सॲप गोलगोल फिरत बसलं. सिम बदलायला सांगितलं. नव्या सिमच्या पाठीवरचा 20 आकडी नंबर मेसेजने पाठवायचा होता. ते आकडे इतके बारीक की वायंडिंगची तार बघायच्या भिंगातून वाचले. (कोणी फोन करून हा नंबर किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका, सिम पळवून खातं रिकामं करतात.)

एवढं करूनही फोरजी रडतच होतं. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या, आणि साधा फोटो जाईना. कारण कळलं ते टॉवरच्या देखभालीला येणाऱ्या मुलाकडून. टॉवरवर नवीन अँटेना बसवल्या होत्या, पण टॉवरपासून पुढे डेटा न्यायला अजून जुनी मायक्रोवेव्हची (बिनतारी लहरींनी डेटा पाठवणारी) छत्रीच होती. तिची ताकद मर्यादित. संध्याकाळी सगळे एकदम नेटवर आले की ती भरून जायची. फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, टॉवरपर्यंत यायला हवी, आणि ती रस्त्याच्या कामात पुन्हा पुन्हा तुटत होती. हे मला दोन मिनिटांत समजलं. कस्टमर केअर मात्र तोवर मला "फोन बंद करून चालू करा" एवढंच सांगत होतं. गिऱ्हाइकाला खरं कारण सांगितलं तर तो थांबतो. मी थांबलोच.

फायबर आली आणि व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच कॉल लागण्याची सोय, नीट चालू झालं, तेव्हा मात्र मनापासून बरं वाटलं. टूजीच्या कॉलवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झमधलाच आवाज पलीकडे जातो, त्यामुळे मोटारीची खालच्या पट्टीतली गुणगुण नीट ऐकूच यायची नाही. व्होल्टीवर ती येते. आता साखरप्याचा गिऱ्हाईक फोन मोटारीजवळ धरतो आणि मी इथून ऐकतो. सिंगल फेज मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, म्हणजे बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा भाग) गेलेला. करकर असेल तर बेअरिंग. कपॅसिटर असेल तर त्याला सांगतो, मोटार उचलून आणू नका, एसटीने कपॅसिटर पाठवतो. त्या माणसाचा टेम्पोचा खर्च वाचतो. कंपनीने जाहिरातीत दाखवावा असा हा फायदा आहे, पण जाहिराती सगळ्या सिनेमा डाउनलोडच्या.

देशात फाइव्हजी ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालं, आमच्याकडे बरंच नंतर. रस्त्यावर वेग उत्तम. जांभ्याच्या घरात शिरलं की फोन फाइव्हजी-फोरजीमध्ये हेलकावे खातो आणि बॅटरी उतरते. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क फोरजीवर ठेवा, घरात वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. लगेच फरक पडतो.

अजून दुखतं ते पावसात. लाईट गेली की टॉवरची बॅटरी काही तास टिकते, मग सगळं ठप्प. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांच्या 2024 च्या नियमांत 24 तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर भरपाई आहे, पण हिशोब जिल्ह्याचा धरतात. एका वाडीचा टॉवर पडला तर काही मिळत नाही. तरी 198 वर तक्रार करा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून ठेवा, अपिलाला लागतो.

टॉवरचं काम निघणार असेल तर आदल्या दिवशी मराठीत एक मेसेज टाका, एवढंच मागणं आहे. रोज ऑफरचे मेसेज पाठवता, हा एक जड नाही.

कॉलसाठी पाचपैकी चार, नेटला तीन, गिऱ्हाइकाशी बोलण्याला एक. डोंगराकडच्या वाड्यांत काम असेल तर हेच कार्ड घ्या म्हणेन. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर वर्षाचा रिचार्ज मारणं मी सोडलंय, सध्या 84 दिवसांचाच मारतो.