टीआरएक्स-४ चं सस्पेन्शन: बांद्र्याच्या खडकांवर आठ महिने

क्रॉलरचं, म्हणजे खडकांवर हळूहळू चढणाऱ्या रिमोटवरच्या छोट्या गाडीचं, सस्पेन्शन जितकं मऊ तितकी गाडी चांगली चढते असं मी पहिले तीन महिने धरून चाललो होतो, आणि त्यापायी स्प्रिंगांचे तीन सेट घेतले. आता आठ महिने झालेत, दर पंधरा दिवसांनी गाडी खडकावर असते, म्हणून सविस्तर लिहितोय, कोणाचे तरी पैसे आणि रविवार वाचतील.

गाडी ट्रॅक्ससची टीआरएक्स-४, १/१० स्केल, पोर्टल एक्सलवाली, म्हणजे चाकापाशी वेगळे गिअर असतात आणि एक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो. मी माहीमला राहतो त्यामुळे जागा ठरलेली, बांद्र्याचं बँडस्टँड, ओहोटीला उघडे पडणारे काळे खडक. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मुंबईत भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, म्हणजे सकाळी सहा-साडेसहाला पाणी सगळ्यात खाली, तेव्हा दोन तास निवांत मिळतात. कालवं काढायला येणारी एक मावशी ओळखीची झालीये, ती "पाणी फिरलं रे, चल निघ आता" म्हणाली की मी खरंच निघतो, तिचा अंदाज माझ्या मोबाईलमधल्या टाइमटेबलपेक्षा पक्का आहे.

तिथे एक साधारण गुडघाभर उंचीचा खडक आहे, त्यावर गाडी प्रत्येक वेळी अर्ध्यात पुढची चाकं उचलायची आणि मागे उलटायची. मी स्प्रिंग मऊ केल्या, उलटली. अजून मऊ केल्या, अजून लवकर उलटली, कारण चढावर वजन मागे जातं, मागची स्प्रिंग बसते, पुढची उघडते आणि गाडीचं नाक अजूनच वर जातं.

मग एका रात्री आईचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला. पुढची दोन चाकं काट्यावर, मागची दोन काट्याच्याच उंचीच्या पाटावर, आकडा लिहिला, मग उलटं केलं. पुढे १५०० ग्रॅम, मागे १५४०! वर रूफ रॅक आणि मागच्या दारावर स्पेअर टायर, दिसायला झकास, पण मिळून २१० ग्रॅम, तेही सगळं उंचावर आणि मागे. ते काढलं, पुढच्या एक्सलला पितळी पोर्टल कव्हर लावली, दोन्ही मिळून २२० ग्रॅम, आणि परत काटा: पुढे १७००, मागे १३५०. म्हणजे जवळपास ५६ टक्के पुढे. दुसऱ्या रविवारी तोच खडक, त्याच जुन्या स्प्रिंगा, गाडी दुसऱ्या प्रयत्नात वर! एवढा आनंद मला गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता. पितळेचा फायदा असा की ते वजन एक्सलवर असतं, स्प्रिंगवर येत नाही, त्यामुळे पुढची बसकी उंची बदलत नाही आणि सगळं वजन चाकाजवळ, जमिनीलगत राहतं. आधी वजन करा, मग स्प्रिंगला हात लावा, माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे.

त्यानंतर मात्र सस्पेन्शनच्या कामाला खरी मजा आली. पुढच्या शॉकमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या आतल्या ऑइल भरलेल्या नळीत, पिस्टनच्या खाली सिलिकॉन नळीचा ५ मिलिमीटरचा तुकडा घातला, त्याने शॉक पूर्ण उघडत नाही आणि चढावर नाक उचलणं बरंच कमी झालं. मागे मऊ स्प्रिंग नको, मागची जरा कडक बरी. पूर्ण गॅस दिला की गाडी एका बाजूला किंचित कलते, पोर्टलमुळे ते कमी असतं कारण शेवटची गिअर कपात चाकापाशीच होते आणि प्रोपेलर शाफ्टवर (एक्सलपर्यंत फिरता जोर नेणाऱ्या दांड्यावर) जोर कमी येतो, तरी जे उरतं त्याला मी मागच्या एका बाजूची प्रीलोड कॉलर, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी कडी, अर्धा फेरा आवळलीये.

शॉकमधल्या ऑइलचं विचाराल तर ३० वेटवर (आकडा जितका मोठा तितकं ऑइल घट्ट) सुरुवात केली, मग कोणीतरी सांगितलं म्हणून ६० टाकलं, आणि चाक खड्ड्यावरून गेलं की हवेतच लटकून राहायचं, खाली टेकायलाच वेळ लागायचा. आता पुढे ३० आणि मागे ४० वर थांबलोय. भरताना घाई करू नका. शॉक उभा धरायचा, पिस्टन हळूहळू वरखाली करायचा, बारीक बुडबुडे वर यायला दहा मिनिटं सोडून द्यायचा, मगच झाकण. हवा राहिली तर दाबताना फसफस आवाज येतो आणि चारही कोपरे वेगवेगळे वागतात.

एक वाईट अनुभव. मध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चकचकीत ॲल्युमिनियमचे शॉक घेतले होते, महिन्याभरात शाफ्टवर चरे पडले, ओ-रिंग कातरल्या आणि सगळं ऑइल बाहेर. परत घ्यायला नकार. गाडीबरोबर आलेलेच शॉक परत लावले, ते अजून एकदाही गळले नाहीत.

समुद्राचं पाणी मात्र कोणालाच सोडत नाही. घरी आल्या आल्या बादलीभर गोड्या पाण्याने धुवायची, शॉकचे शाफ्ट मऊ फडक्याने पुसायचे कारण ओल्या शाफ्टला चिकटलेली वाळूच सील खाते, बेअरिंगला तेलाचा एकेक थेंब. कालवांच्या शिंपल्यांनी टायरची साईडवॉल दोनदा कापलीये, आतला फोमही भिजतो, तो काढून वाळवावा लागतो. आणि ठेवताना गाडी चाकांवर ठेवत नाही, पोटाखाली लाकडाचा ठोकळा देऊन चाकं मोकळी ठेवतो, नाहीतर आठवडाभरात फोम एका बाजूने चपटा होतो.