मिनोसायक्लिन की मेथोट्रेक्सेट? संधिवाताच्या औषधाचा निर्णय घेताना

‘कॅन्सरची गोळी आयुष्यभर कशाला? त्यापेक्षा अँटिबायोटिकचा लांब कोर्स करू.’ र्‍हुमॅटॉइड संधिवात निघाला की घरात हे कोणीतरी म्हणतंच. ‘कॅन्सरची गोळी’ म्हणजे मेथोट्रेक्सेट, अँटिबायोटिक म्हणजे मिनोसायक्लिन. दोन्ही औषधं मापात घालून बघू.

अँटिबायोटिकची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले डॉ. थॉमस मॅकफर्सन ब्राउन यांची खात्री होती की या आजारामागे मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे. त्यांनी अनेक वर्षं रुग्णांना टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक्स दिली; मिनोसायक्लिन याच गटातलं. जंतूवरचा आरोप सिद्ध झाला नाही, पण औषधाचा गुण मात्र दिसला. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या 219 रुग्णांच्या चाचणीत मिनोसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 48 आठवडे दिलं. सांध्यांची सूज 54 टक्के रुग्णांमध्ये उतरली, पण नुसत्या खोट्या गोळीवरही 39 टक्क्यांमध्ये उतरली! म्हणजे औषधाची खरी कमाई शंभरात पंधरा. आजार वर्षाच्या आतला आणि आरए फॅक्टर (या आजारासाठीची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह असेल तर चित्र बरंच बरं होतं: 46 जणांच्या 1997 मधल्या चाचणीत 65 टक्क्यांना निम्म्याहून अधिक आराम पडला, खोट्या गोळीवर 13 टक्क्यांना. आकडा देखणा आहे, पण माणसं किती, तर 46. शिवाय हे औषध सूज आणि कूर्चा खाणारी विकरंही (एन्झाइम्स) दाबतं, त्यामुळे गुण आला म्हणून जंतू होताच असं ठरत नाही.

मेथोट्रेक्सेटची भीती ‘कॅन्सरची गोळी’ या नावामुळे आहे. संधिवातात ते आठवड्यातून एकदाच घेतात, साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम. कॅन्सरमधले डोस याच्या कितीतरी पट असू शकतात. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. मला निर्णायक वाटतो तो एक्स-रे. मेथोट्रेक्सेटने हाडांची झीज मंदावते. 1995 च्या त्या चाचणीत मिनोसायक्लिनला झिजेत ठोस फरक दाखवता आला नाही. सकाळी मूठ वळायला लागली म्हणून आत सांधा वाचतोच आहे असं नाही.

(गंमत म्हणजे मेथोट्रेक्सेट आणि पहिलं टेट्रासायक्लिन, ऑरिओमायसिन, ही दोन्ही अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून आली. तिथलं संशोधन आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या हाताखाली चाले.)

त्रास दोन्हीकडे आहेत. मेथोट्रेक्सेटने मळमळतं, तोंड येतं. फॉलिक अॅसिड सोबत लागतं, रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात, दारू टाळलेली बरी. मूल हवं असेल तर हे औषध आधीच थांबवावं लागतं, कधी ते डॉक्टरांनी ठरवायचं. मिनोसायक्लिन ‘साधं अँटिबायोटिक’ म्हणून निर्धोक समजू नका: चक्कर येते, महिनोन्‌महिने घेतल्यावर त्वचा निळसर-करडी पडू शकते, क्वचित लिव्हरला सूज येते किंवा औषधामुळेच ल्यूपससारखा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तसा) आजार होतो, आणि त्यात पुन्हा सांधेच दुखतात. गरोदरपणात तेही चालत नाही. लोहाच्या गोळीसोबत घेतलं तर अंगी कमी लागतं.

अमेरिकन र्‍हुमॅटॉलॉजी कॉलेज या डॉक्टरांच्या संघटनेच्या 2012 च्या शिफारशींत मिनोसायक्लिन होतं. 2015 मध्ये वापर विरळ आणि नवा पुरावा नाही म्हणून वगळलं.

म्हणून नव्याने निदान झालेल्याने, काही अडसर नसेल तर, मेथोट्रेक्सेटपासूनच सुरुवात करावी असं माझं मत. ते झेपत नसेल तर सल्फासलाझिन, लेफ्लुनोमाइड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या संधिवाताच्या दुसऱ्या औषधांचं आधी विचारा. आजार सौम्य आणि अगदी ताजा असेल, बाकी काही सोसत नसेल, तर मिनोसायक्लिनचा विषय र्‍हुमॅटॉलॉजिस्टपुढे (संधिवाततज्ज्ञापुढे) काढायला हरकत नाही. मात्र किती महिन्यांत गुण नाही आला तर बदलायचं, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

आणि मेथोट्रेक्सेट घ्यायचं ठरलं तर गोळीचा वार पाकिटावर ठळक लिहून ठेवा. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत.