काळी शी झाली तर म्हणाले, "जुनी घाण निघतेय"

लिहू की नको करत दोन महिने गेले, कारण एकतर विषय शीचा आणि त्यात आपणच येडे ठरलेलो. पण परवा जुळे सोलापुरात पुन्हा तसलाच बोर्ड लागलेला बघितला, "मोफत पोट तपासणी शिबीर, जागा मर्यादित", म्हटलं लाज गेली खड्ड्यात, लिहून टाकू.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं बघतो, वय ४६. महिनाअखेरीला डबा उघडायला तीन वाजतात, तोवर चार चहा. कंबर दुखते म्हणून दीड वर्ष मेडिकलमधनं पेनकिलर आणायचो, चिठ्ठी वगैरे काही नाही, ओळखीचा आहे, "ती नेहमीची पट्टी दे" म्हटलं की देतो. उपाशीपोटी चहाबरोबर घ्यायची की कंबर गप्प. पोट मात्र बोंबलायला लागलं. जेवलं की फुगायचं, ढेकर, जळजळ, आणि रात्री दोन-अडीचला पोटात कुणी कुरतडतंय असं होऊन जाग यायची, दोन बिस्किटं खाल्ली की थांबायचं. घरी सगळ्यांचं एकच, तुमची पचनशक्ती वीक झालीय. शेंगाचटणी बंद केली, कडक भाकरी बंद केली (सोलापूरच्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही), मऊ भातावर आलो. गल्लीतल्या डॉक्टरांनी ॲसिड कमी करायची गोळी दिली, तिनं बरं वाटायचं, ते म्हणाले पण होते की एकदा दुर्बिणीतनं बघून घ्या, मी म्हटलं बघू यात्रा झाल्यावर. गड्डा यात्रा झाली, मी काही गेलो नाही.

तेवढ्यात ऑफिसातला एक जण मागं लागला. माझं पोट सहा महिन्यात टकाटक झालं, तू रविवारी चल फक्त, काही घ्यायची जबरदस्ती नाही. होटगी रोडकडच्या एका मंगल कार्यालयात तसलंच पोट तपासणीचं शिबीर. मोफत म्हणून लिहिलेलं, दारात पन्नास रुपये नोंदणी घेतली, तिथंच मी मागं फिरायला पाहिजे होतं. माझ्याबरोबर ताई आणि दाजी पण होते, कारण ताईला गॅसचा त्रास आणि मी म्हटलं चला, फुकट आहे. हे "मी म्हटलं चला" लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आत ऐंशी-नव्वद खुर्च्या. पूर्व भागातल्या, म्हणजे घरात तेलुगू बोलणाऱ्या, बायका बऱ्याच होत्या, त्यांच्यासाठी एक बाई तेच सगळं तेलुगूत पण सांगत होती, एवढी तयारी. स्टेजवर पांढरा कोट घातलेला माणूस, सगळे त्याला डॉक्टर म्हणत होते, तो नाही म्हणत नव्हता. त्याचं भाषण ऐकायला झकास. मंदाग्नी म्हणजे पचनाचा अग्नी कसा मंद होतो, आम म्हणजे न पचलेला अंश कसा तयार होतो, जठर म्हणजे चूल आणि चूल विझली तर भाकरी कशी भाजणार. आता हे शब्द खोटे नाहीत, आयुर्वेदात अग्नीचे सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे चार प्रकार सांगितलेत, आमचे आजोबा पण बोलायचे. खऱ्या गोष्टीच्या ताटात खोटं वाढलं की कळत नाही ओ. मग हळूच पुढं, "तुमच्या प्रत्येकाच्या आतड्यात पाच ते सात किलो जुना मळ चिकटून बसलाय, काहींचा तर लहानपणापासूनचा", आणि पडद्यावर फोटो, काळ्या रबरी दोरीसारखं काहीतरी, हे म्हणे आमच्या पेशंटच्या पोटातनं निघालं. सगळ्या हॉलनं तोंडाला रुमाल लावला.

मग मशीन. लॅपटॉपला वायर, वायरीला पितळी दांडकं, ते मुठीत धरायचं एक मिनिट. आधी नाव, वय, उंची, वजन टाईप करतात. लगेच चाळीस पानी रंगीत रिपोर्ट, लिव्हर अमुक टक्के, स्वादुपिंड थकलेलं, आतड्याची शोषणशक्ती कमी. माझी बारा अवयवांत गडबड निघाली. ताईच्या रिपोर्टात "पित्ताशय सुस्त" आलं. ताईचं पित्ताशय २०१९ ला खडे झाले म्हणून काढून टाकलंय! दाजींनी तिथंच सांगितलं तसं, तर मशीनवर बसलेला पोरगा जरासुद्धा न अडखळता म्हणतो, "काका, ऑर्गन काढला तरी त्याची एनर्जी राहते ना, मशीन एनर्जी वाचतं." आणि आम्ही तिघांनी मान हलवली. आज आठवलं की हसू येतं आणि स्वतःच्या कानफटात मारावीशी पण वाटते.

तीन महिन्यांचा किट २१,६००, आज घेतला तर १४,०००. मी एक घेतला, दाजींनी ताईसाठी एक. क्यूआर स्कॅन केला तर कंपनीचं नाव नाही, कुणा बाईचं नाव आलं. बिल मागितलं तर पुढच्या मिटींगला देतो म्हणाले, हातात कच्ची चिठ्ठी. आणि एक केशरी कागद दिला, त्या कागदानं मला मारायचंच बाकी ठेवलं होतं.

त्यावर दिवसवार लिहिलं होतं. पहिला आठवडा जुलाब, मुरडा, अशक्तपणा. दुसरा आठवडा चक्कर, घाम. त्यानंतर काळा मळ. आणि खाली ठळक अक्षरात, हे सर्व शुभ लक्षण आहे, शरीर विष बाहेर टाकत आहे, घाबरून औषध बंद करू नये, डॉक्टरांच्या केमिकल गोळ्या मात्र बंद कराव्यात. म्हणजे बघा, बरं वाटलं तरी औषध लागू, वाईट वाटलं तरी औषध लागूच. चुकायची जागाच ठेवली नाही. एवढी डोक्याची चाल आमच्या कारखान्यात कुणी हिशेबात करू शकत नाही.

मी इमानदारीत ॲसिडची गोळी बंद केली. पेनकिलर काही बंद केली नाही, कारण पेनकिलर पोटाची गोळी नाही असं माझं डोकं. पावडर रात्री गरम पाण्यातनं, सकाळी चार वेळा पळायचं. आणि आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यात हे प्रकार, बायको वैतागली. तिसऱ्या आठवड्यात खरोखर ती दोरी निघाली, फोटोतल्यासारखी, मी खुश होऊन त्या पोराला फोन केला, तो म्हणाला अभिनंदन सर. चौथ्या आठवड्यात शी डांबरासारखी काळी, चिकट, वास असा की बाथरूममध्ये थांबवेना. केशरी कागद काढून बघितला, लिहिलंच होतं. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, पंधरा जणांनी टाळ्यांचे इमोजी. चार दिवस असं चाललं. जिना चढताना दम लागायला लागला, म्हटलं विष निघतंय. पाचव्या दिवशी ऑफिसात खुर्चीतनं उठलो आणि डोळ्यापुढं अंधार.

गल्लीतल्या डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफटक. एकच विचारलं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, कारण त्यानं पण शी काळी होते. नाही म्हटल्यावर तसंच रिक्षात घालून पाठवलं. हिमोग्लोबिन ७.२. रक्ताची पिशवी चढवली आणि दुसऱ्या दिवशी तोंडातनं दुर्बीण. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच जखम, अल्सर, आणि त्यातनं रक्त झिरपत होतं. रक्तावर ॲसिडची आणि पाचकरसांची क्रिया होते आणि खाली येईपर्यंत ते डांबर होतं. जी घाण म्हणून मी टाळ्या घेतल्या ती घाण नव्हती ओ, माझं रक्त होतं.

पोटाचे डॉक्टर शांत माणूस, रागावले नाहीत, समजावून सांगत होते. म्हणाले, "पचनशक्ती कमी" हे रोगाचं नाव नाही, तक्रारीचं नाव आहे, फुगण्यामागं दहा कारणं असू शकतात. कुणाला दूध पचवणारं एन्झाइम कमी, कुणाचा थायरॉईड मंद, कुणाची शुगरची गोळी पोट बिघडवते, कुणाचा नुसता टेन्शनचा खेळ, आणि कुणाचा माझ्यासारखा अल्सर. माझ्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. एक ती पेनकिलर, या गोळ्या दुखणं थांबवतात तशाच पोटाच्या अस्तराचं संरक्षण पण कमी करतात. दुसरं हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. दुर्बिणीतनं जठराचा कणभर तुकडा काढून पिवळ्या औषधात टाकला, तो गुलाबी झाला, म्हणजे जंतू आहे. हा जंतू आपल्याकडं लई जणांच्या पोटात असतो, बहुतेकांना काही होत नाही. पूर्वी अल्सर तिखटानं आणि काळजीनं होतो असंच डॉक्टरही मानायचे, मग ऑस्ट्रेलियातल्या मार्शल नावाच्या डॉक्टरनं १९८४ मध्ये तो जंतू चक्क पिऊन स्वतःचं पोट बिघडवून दाखवलं, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला वॉरेनला २००५ चं नोबेल मिळालं. मी म्हटलं म्हणजे माझी शेंगाचटणी निर्दोष? ते हसले, म्हणाले जखम भरेपर्यंत थांबा, मग खा थोडी.

त्या दोरीचं पण विचारलं. डबा दाखवला, मागं बारीक अक्षरात सोनामुखी, ईसबगोल आणि बेंटोनाइट, म्हणजे एक जातीची चिकणमाती. ईसबगोल पाण्यात फुगतं, माती त्याला धरते, आतड्याच्या आकाराची दोरी तयार. म्हणजे दोरी त्यांच्याच डब्यातली, माझ्या तोंडातनं आत गेली आणि खालनं बाहेर आली, त्याचे चौदा हजार. लहानपणापासूनचा मळ वगैरे काही चिकटून राहत नाही, आतड्याच्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत बदलतात, आणि मोठ्या आतड्याची दुर्बीण करताना रात्रभरात पोट साफ करतात तेव्हा आत गुलाबी भिंत दिसते, पाच किलोचं गाठोडं कुणालाच सापडलेलं नाही. सोनामुखी कधीमधी बद्धकोष्ठाला ठीक, पण रोज जुलाब लावून घेतले की पाणी आणि पोटॅशियम जातं, माझे पाय रात्री वळायचे ते त्यानंच असणार.

ओळखीच्या एक वैद्य बाई आहेत, रीतसर बीएएमएस, त्यांना केशरी कागद दाखवला तर त्या माझ्यापेक्षा जास्त चिडल्या. म्हणाल्या मंदाग्नीच्या माणसाला महिनाभर रोज रेचन, म्हणजे जुलाबाचं औषध, कोण देतं, आणि काळी शी बघून शुभ म्हणणारा वैद्य नाहीच.

जंतूचा कोर्स चौदा दिवसांचा, दोन अँटिबायोटिक आणि ॲसिडची गोळी, तोंड कडू व्हायचं पण पुरा केला. महिन्याभरानं शीची टेस्ट करून जंतू गेल्याची खात्री केली. पेनकिलर बंद, कंबरेला व्यायाम सांगितलाय, तो अर्धा करतो.

पैशाचं सांगतो. त्या पोराचा फोन आधी बिझी, मग बंद. ग्रुपवर लिहिलं की माझं रक्त गेलं, दोन मिनिटांत मला काढून टाकलं. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवली, त्यांनी पहिलं बिलच विचारलं. बिल नाही, मग पेमेंटचा स्क्रीनशॉट, कच्ची चिठ्ठी, डब्याचे सगळ्या बाजूनं फोटो आणि तो केशरी कागद एवढं जमवलं. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर आहे, मी तो बघूनच विश्वास ठेवला होता. तो खाद्यपदार्थाचा परवाना असतो, औषधाचा नाही, आणि खाद्यपदार्थ म्हणून विकून रोग बरा करतो म्हणता येत नाही. वकील मित्र म्हणाला जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंत फी नाही, टाकू केस. टाकतोय.

ऑफिसातल्या त्याला विचारलं, तुला किती मिळाले माझ्या डब्यामागं. खाली बघून म्हणाला, दोन हजार, पण तू बरा व्हावास म्हणूनच रे. खोटं बोलत नसावा, स्वतः पण घेत होता पावडर. त्याला म्हटलं एकदा शी बघत जा आणि हिमोग्लोबिन करून घे, पुढच्या आठवड्यात करतो म्हणाला.

ताईनं तो डबा आठ दिवसांतच कडू लागतो म्हणून बंद केलेला, देव पावला. पण दाजींचे चौदा हजार माझ्या शब्दावर गेले. ते नको म्हणतात, मी अर्धे दिलेत, उरलेले दिवाळीच्या बोनसात देणार आहे. ताईला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीपण सांगू नका.