एक रुपया म्हणून पिन टाकला आणि 12,998 गेले

चोपडा तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी वायर भरून द्यायचं, माझं दुकान आहे. 19 वर्षं हेच करतोय. हे सांगायची लाज वाटते, घरीसुद्धा पूर्ण आकडा आठ दिवसांनी सांगितला. पण आपल्या लाइनमधल्या आणखी कोणाच्या खिशात हात जाऊ नये म्हणून लिहितोय.

मे महिना, पारा 44 वर. केळीवाल्या एका शेतकऱ्याची 10 एचपीची सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालणारी मोटार आली, जुनी वाइंडिंग आधीच कोणीतरी कापून भंगारात घातलेली. म्हणजे टर्न (वायरचे वेढे) मोजायला काही शिल्लकच नाही. माझ्या उस्तादांच्या वहीत हा मेक नव्हता, आणि कुठल्या मोटारीला किती टर्न ते सांगणारं छापील डेटा बुक (450 रुपयांचं, जळगावहून आणलेलं) एक जण घेऊन गेला होता तो परत द्यायला तयार नाही. शेतकऱ्याचा दर तासाला फोन, "भाऊ, मया सुकी राहिना, मोटर कव्हय देशी?" (मळा सुकतोय, मोटार कधी देशील?) अशा वेळी मोबाईलवर एका अॅपची जाहिरात आली. हजारो मोटारींचा वाइंडिंग डेटा, मराठीत, पहिले सात दिवस फक्त 1 रुपया. त्या अॅपचा फोनवरचा माणूस स्लॉट, पिच, पॉली वायर सगळं बोलत होता. त्याला कामातलं कळत नसतं तर मी तिथेच फोन ठेवला असता.

पिन टाकला. पानावर मोठ्या अक्षरात 1 रुपया होता. त्याखाली बारीक अक्षरात ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, 4,999 पर्यंत, आणि कधी कापायचे त्यापुढे महिना नाही, वर्ष नाही, कंपनी मागेल तेव्हा. मी ते वाचलं नाही. हात ग्रीसचे, समोर माणूस उभा, चष्मा टेबलावर. कोणीही वाचलं नसतं असं म्हणणार नाही, पण बऱ्याच जणांनी नसतं वाचलं.

आता खरं दुखणं. अॅपमध्ये 24 स्लॉटची ती मोटार निघाली. स्टार आणि डेल्टा म्हणजे मोटारीची वायर जोडायच्या दोन पद्धती. स्टारला 22 टर्न. खालच्या ओळीत डेल्टालाही 22. दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, दोन्हीकडे सारखे कसे?" दोन वर्षांपूर्वी मीच त्याला शिकवलेलं, स्टारचे टर्न गुणिले 1.73 केले की डेल्टाचे येतात. स्टारला 22 तर डेल्टाला 38 पाहिजेत. आणि मी त्याला काय म्हणालो? "टायपिंगची चूक असेल, तू कॉइल पाड." ते वाक्य अजून कानात बसलंय. ज्याला स्टार-डेल्टाचा हिशोब येत नाही त्याचा एकही आकडा खरा धरायचा नसतो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुकानात चालवून बघितली तेव्हा अँपिअर जरासे जास्त वाटले, पण चालण्यासारखे. कारण दुपारी लाइनच 370 व्होल्टची होती. शेतात रात्रीच्या पाळीत 440 आले. टर्न कमी म्हणजे कोअरवर, आतल्या लोखंडावर, ताण जास्त, त्यात व्होल्टेज चढलं. पहाटेपर्यंत जळाली. पोटातली वायर काळी, वास दोन दिवस दुकानातून गेला नाही. नंतर तोच मेक दुसऱ्या दुकानात मूळ वाइंडिंगसकट मिळाला, मोजले तर 22 च्या जागी 26 टर्न निघाले.

वायर 7 किलो, 1,120 च्या भावाने 7,840. मोटार वर काढायची मजुरी 2,000, तीही मीच दिली, शेतकऱ्याचा काय दोष. आणि अॅपने आधी 1, मग 2,999, मग 4,999, पुन्हा 4,999. म्हणजे 12,998. सगळं धरून 22,838. दुसऱ्यांदा पिन लागतच नाही. 15,000 पर्यंतच्या ऑटोपेला प्रत्येक वेळी पिन विचारत नाहीत. कापायच्या 24 तास आधी मेसेज यायला पाहिजे असा नियम आहे, आणि मेसेज आलेही होते, इंग्रजीत, लोनच्या मेसेजांत दबलेले.

बँकेत गेलो. साहेब म्हणाले, मँडेट (पैसे कापायची परवानगी) तुम्हीच दिलंय. मी म्हटलं, अर्ज तरी घ्या. तर म्हणे ऑनलाइन करा. ऑनलाइन केला तर उत्तर आलं शाखेत भेटा. पोलीस ठाण्यात गेलो, दोन तास बाकड्यावर. "पिन तुम्ही टाकला, माल तुम्हाला मिळाला, यात फसवणूक कुठे?" मी त्यांना 22 आणि 38 समजावून सांगत होतो आणि ते फोनवर दुसऱ्याशी बोलत होते. मग म्हणे जिल्ह्याला जा. दुकान बंद ठेवून गेलो तर तिथून उत्तर, आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. ठाण्यात पत्र मागितलं तर म्हणे कशाचं पत्र? तीन चकरा, पोच एकाही कागदाची नाही. चोर मोबाईलमधला होता, पण दारातून हाकलल्यासारखं वागवलं आपल्याच माणसांनी. बारा हजार कोणाला लहान वाटत असतील, आमच्याकडे ती पोरीची हॉस्टेलची फी आहे.

स्क्रीनशॉट काढून ठेवा, पहिल्या दिवसापासून. मी त्यांना चूक कळवली तर चार दिवसांत अॅपमधला डेल्टाचा आकडा गुपचूप 38 झाला आणि माझ्याकडे पुरावा उरला नाही. छापील पुस्तकातही चुका असतात, पण ती चूक जागेवर राहते, पेन्सिलने खोडून बाजूला खरा आकडा लिहिता येतो, आणि पुस्तक महिन्याला खिशात हात घालत नाही. कोणी मेकची वही मागितली तर झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका. जुनी मोटार आली की कापण्याआधी टर्न मोजाच, वायरची जाडी बघायला मायक्रोमीटर लावा, तांबं तोला.

पैसे गेलेले दिसले की त्याच मिनिटाला 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, उद्यावर टाकू नका. मी आठ दिवस लाजेत घालवले. ऑटोपे नुसतं अॅप डिलीट करून थांबत नाही, माझे शेवटचे 4,999 अॅप काढल्यानंतर गेलेत. ज्या अॅपमधून पैसे पाठवता त्यातच ऑटोपेचा भाग असतो, तो आत्ता उघडा आणि ओळखू न येणारं प्रत्येक नाव रद्द करा. माझ्याकडे तिथे वाइंडिंगचं नाव कुठेच नव्हतं, भलत्याच कुठल्या तरी ट्रेडर्सचं होतं.