दुर्बिणीची झाकणं: घट्ट हवीत की सैल?

दुर्बीण घेताना आपण वीस-पंचवीस हजारांचा विचार महिनोन् महिने करतो आणि झाकणांना तीन-चारशे म्हटले की "एवढे?" म्हणून हात आखडतो. माझाही आखडतो, त्यामुळे हा आढावा स्वस्तातल्या पर्यायांचाच आहे. आपल्याकडच्या बहुतेक पक्षीवाल्यांच्या गळ्यात असते तशी ८×४२ किंवा १०×४२, म्हणजे आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण गृहीत धरतो. पुढच्या काचांसाठी पर्याय तीन: खिशात जाणारी सुटी टोपणं, रबरी कड्याला लटकणारी झाकणं आणि रायफलच्या स्कोपवर असतात तशी स्प्रिंगची. डोळ्यांकडच्या बाजूला रेनगार्ड, म्हणजे त्या बाजूच्या दोन्ही काचा एकदम झाकणारं, गळ्यातल्या पट्ट्याला ओवलेलं जोडटोपण. त्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण माझा निकाल तिथे लागला.

सुटी टोपणं आधी निकालात काढू. दाबून बसवायची, ओढून काढायची. वजन नाही, लटकत काही नाही, किंमतही किरकोळ. पण काढलेलं टोपण ठेवायचं कुठे? तिबोटी खंड्या ऐन पावसाळ्यातच कोकणात घरटं करतो, म्हणजे पाऊस टाळून त्याच्या मागे जाता येत नाही. जुलैत कर्नाळ्याच्या पायवाटेवर एका हातात छत्री, दुसऱ्यात दुर्बीण. टोपण जातं पँटच्या खिशात. परत काढाल तेव्हा त्याची आतली बाजू उजेडाकडे धरून बघा. कापडाचे तंतू, शेंगदाण्याचं लाल साल, कडेच्या खाचेत बारीक वाळू. हे सगळं आता काचेवर सांडणार आणि आपण ते घाईत शर्टाच्या टोकाने पुसणार. वाळूतली गारगोटीची कणी काचेपेक्षा कठीण असते, काचेवरच्या पातळ थरावर, कोटिंगवर, ओरखडा उठायला ती एकच पुरते. शिवाय हरवतं ते कायम एक टोपण आणि दुकानात मिळते जोडी. ज्यांची दुर्बीण घरातून गाडीत आणि गाडीतून गॅलरीत एवढीच फिरते, त्यांना सुटी टोपणं पुरतील. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

स्प्रिंगची झाकणं मुळात अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या सोयीची. बटलर क्रीक हे त्यातलं परिचयाचं नाव, आणि त्या घडणीची बिननावाची स्वस्त झाकणं ऑनलाइन भरपूर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीच्या स्कोपला गिऱ्हाईक उरलं नाही, पण ही झाकणं पक्षीवाल्यांपर्यंत पोचली. मीही काही काळ लावून बघितली. बांधणी म्हणाल तर तिन्हींत हीच दणकट. बोटाने खटका दाबला की पातं उघडतं, बंद करताना नीट दाबलं तर धूळ आत जात नाही. नुसत्या टिकाऊपणावर निवड करायची असती तर हा लेख इथेच संपला असता.

अडचण अशी की रायफलवरच्या स्कोपला नळी एक आणि दुर्बिणीला दोन. उघडलेली दोन पाती आतल्या बाजूला आली तर एकमेकांना अडतात, विशेषतः डोळ्यांतलं अंतर कमी असलेल्या माणसाने किंवा शाळकरी पोराने नळ्या जवळ आणल्या की. बाहेरच्या बाजूला वळवली तर करवंदीच्या प्रत्येक जाळीत अडकतात. दुर्बिणीचं रबरी आवरण कड्याला नीट धरून ठेवत नाही, त्यामुळे पाती आपणहून कुठेही फिरतात, हेही आहेच. आणि तो आवाज. उजनीच्या पाण्यावर होडीत कुणाच्या लक्षात येणार नाही, पण सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गाडी बंद करून बसावं, माळावरचे धाविक पक्षी पळत-थांबत जवळ येत असावेत आणि आपण 'टक्, टक्' करून दोन पाती उघडावीत, हे काही बरं वाटत नाही. तिवईवरच्या स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे एका नळीच्या मोठ्या दुर्बिणीला मात्र मी बिनदिक्कत हीच सुचवेन. नळी एक, जागा ठरलेली, करवंदीशी संबंध नाही.

उरली लटकती रबरी झाकणं. नळीच्या तोंडावर रबराचं कडं, त्याला जिभेसारखी पट्टी, पट्टीच्या टोकाला झाकण. ओढलं की खाली पडतं आणि लोंबत राहतं. हरवायचा प्रश्न नाही, ठेवायचा नाही. वाऱ्यात हलतं, धावताना नळीवर फटफट आपटतं, दिसायलाही काही खास नाही. जोराचा वारा समोरून आला तर क्वचित झाकण वर उचललं जातं आणि दृश्य थोडं अंधुक होतं. मला याचा त्रास होत नाही, पण काहींना होतो हे बघितलंय, म्हणून नोंदवतो. खरी गोम कड्यात. ते घट्टच हवं. सैल कडं पावसात ओलं झालं की हळूहळू पुढे सरकतं आणि एखाद्या उतारावर झाकणासकट गळून पडतं. कडं जरा सैल आलंच तर सायकलच्या जुन्या ट्यूबचं बोटभर रुंदीचं वळं कापून त्यावरून चढवायचं. पंक्चरवाला फुकट देतो, आणि कडं हलायचं नाव घेत नाही.

आता डोळ्यांकडची बाजू. झाकणं घेणारे बहुतेक जण पुढच्या काचांची काळजी करतात, पण दुर्बीण गळ्यात लटकलेली असताना पुढच्या काचा जमिनीकडे असतात आणि आयपीस, म्हणजे डोळ्यांकडच्या काचा, आभाळाकडे. पाऊस पडतो तो आयपीसवर. झाडावरचं पाणी, टोपीच्या कडेवरून ओघळलेला थेंब, भिगवणला जाताना उसाच्या ट्रॉलीमागे उडालेली धूळ, नाश्त्याच्या भेळीतली शेव, सगळं तिथेच. माझ्या मते झाकणांच्या खर्चातला मोठा वाटा रेनगार्डवर घालावा. पुढच्या झाकणांत थोडी तडजोड चालते.

आणि रेनगार्ड निवडताना सगळे बघतात ते 'फिट बसतो का'. दुकानदारही घट्ट बसवून, उलटा करून, हलवून दाखवतो. मी नेमका त्याच घट्टपणाला कंटाळलो. माझ्याकडचा पहिला रेनगार्ड जाड रबराचा, अगदी मापाचा. काढताना हवा ओढली जाऊन 'पुक्' असा आवाज यायचा आणि त्याच्याबरोबर आयकप (आयपीसभोवतीची वर-खाली होणारी रबरी कडी) अर्धी पायरी वर यायचे. मला चष्मा आहे, माझे आयकप कायम खाली दाबलेले असतात. ते वर आले की दृश्याच्या कडा कापल्या जातात आणि मधोमध एक लहानसं वर्तुळ उरतं. पक्षी समोर, आणि मी अंगठ्याने आयकप खाली ढकलतोय. एकदा ठीक, पण प्रत्येक वेळी तेच.

त्याहून चिडचिड करणारी गोष्ट डायऑप्टरची. पुष्कळ दुर्बिणींत उजव्या-डाव्या डोळ्यातला फरक जुळवायचं कडं उजव्या आयपीसच्या बुडाशी असतं. घट्ट रेनगार्ड ओढताना मनगट थोडं वळतं, आणि त्याबरोबर तेही केसभर फिरतं. लगेच कळत नाही. चित्र दिसतं, पण डोळ्यावर ताण येतो. फोकसचं चाक पुढे-मागे करूनही पानाची कड नीट धरत नाही. मग डावा डोळा मिटून बघितलं की उजवीकडचं पुसट दिसतं. ज्यांच्या दुर्बिणीत हे कडं ओढून फिरवायचं, म्हणजे कुलूपबंद आहे, त्यांना हा जाच नाही. माझ्या दुर्बिणीत तसं नव्हतं, आणि पावसाळी जंगलात, जिथे मुळात उजेड कमी, तिथे या एका कटकटीने माझं मत कायमचं पक्कं केलं: पुढचं कडं घट्ट, मागचा रेनगार्ड सैल.

सैल म्हणजे किती? दुर्बीण आडवी धरली तर पडू नये, उलटी केली तर आपल्या वजनाने पडावा, एवढा. पातळ, मऊ, दोन कपांमधली पट्टी सहज वाकणारी. ही पट्टी जाडजूड आणि ताठ असेल तर ती एका ठरावीक अंतरासाठीच बनलेली असते. तुमच्या डोळ्यांतलं अंतर त्याहून कमी-जास्त असलं की ती प्रत्येक वेळी नळ्यांना ओढते. त्यामुळे शक्य असेल तर घेण्याआधी आपल्या डोळ्यांना जुळवलेल्या दुर्बिणीवरच बसवून बघा, नुसत्या मापावर विसंबू नका.

रेनगार्ड गळ्यातल्या पट्ट्यात एका बाजूने ओवायचा की दोन्ही, यावर मतभेद आहेत. एका बाजूने, शक्यतो डावीकडून ओवला की काढल्यावर बाजूला लटकतो, मधे येत नाही. बरेच अनुभवी लोक हेच करतात आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मी दोन्ही बाजूंनी ओवतो. दुर्बीण डोळ्यांकडे उचलली की सैल रेनगार्ड पट्ट्यावरून वर सरकतो आणि खाली सोडली की बहुतेक वेळा आपणहून आयपीसवर येऊन टेकतो. दुसऱ्या हातात छत्री असेल तर याचं मोल कळतं. हनुवटीखाली काहीतरी लोंबतंय ही भावना मात्र सुरुवातीला राहते.

सामानाबद्दल थोडं. साधं रबर स्वस्त, पण उन्हाने आणि हवेने कडक होतं, वाकतं तिथे चिरा पडतात. मे महिन्यात विदर्भात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर हे लवकर घडतं. सिलिकॉन जास्त टिकतं, उन्हाचं त्याला फारसं काही वाटत नाही, पण तंतू आणि धूळ त्याला चिकटून बसतात. साबणाच्या पाण्यात धुवून वाळवलं की स्वच्छ होतं, एवढं करायची तयारी असेल तर चार पैसे जास्त देऊन सिलिकॉनचं घ्यावं असं मला वाटतं. डास पळवणारं डीटयुक्त मलम लावलेल्या हाताने झाकणंच काय, दुर्बीणही धरू नये. डीट बऱ्याच प्लास्टिकना आणि काही रबरांना खातं. पृष्ठभाग आधी चिकट होतो, मग आपले ठसे त्यावर कायमचे राहतात.

मापाचा घोळ नेहमीचा आहे. ८×४२ मधले ४२ मिलिमीटर म्हणजे काचेचा व्यास. झाकण बसतं ते नळीच्या बाहेरच्या आवरणावर, आणि ते चांगलंच जाड असतं. '४२ साठी' असं लिहिलेलं कडं तुमच्या दुर्बिणीला होईलच असं नाही. व्यास मोजायचा व्हर्निअर कॅलिपर नसेल तर कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळा, खूण करा, लांबीला ३.१४ ने भागा. पट्टी १६३ मिलिमीटर भरली तर बाहेरचा व्यास ५२. कड्यासाठी यापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर कमी माप, रेनगार्डच्या कपासाठी आयकपच्या व्यासापेक्षा तेवढंच जास्त. विक्रेत्याला मॉडेलचं नाव सांगण्यापेक्षा हे आकडे सांगितलेले बरे.

मग कोणी काय घ्यावं? पावसाळ्यात फिरणार असाल, चष्मा असेल, एका हातात छत्री किंवा काठी असेल, तर लटकती रबरी झाकणं आणि सैल रेनगार्ड. माझ्या दुर्बिणीवर आज हेच आहे आणि बदलायचं मनात येत नाही. चष्मा नाही, डायऑप्टर कुलूपबंद आहे आणि फिरणं मुख्यतः कोरड्या, धुळीच्या माळावर, तर घट्ट रेनगार्डही चालून जाईल; धूळ अडवण्यात तो सरसच आहे. फक्त हिवाळ्यात भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब हे पक्षी बघायला जाणाऱ्याने नुसता रेनगार्ड घेतला तरी भागेल, होडीतून उडणारं पाणी बहुतेक वरच्या बाजूलाच येतं.

एक गोष्ट मात्र कोणतंही झाकण घेतलंत तरी लागू. कोकणातून ओल्या दुर्बिणीसकट परतलात तर घरी आल्यावर झाकणं सगळी काढून ठेवा. नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीच्या आत दमट हवा शिरत नाही, पण बाहेरच्या काचेवर, बंद झाकणाखाली कोंडलेल्या ओलीत बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि कोटिंगला चरे पाडते. नंतर पुसून काच साफ झाली तरी खुणा राहतात. रात्रभर पंख्याखाली, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, झाकणं न लावता. निळं जेल गुलाबी दिसायला लागलं की ते ओलं झालं. कढईत मंद आचेवर परतलं की पुन्हा निळं होतं. कढई स्वयंपाकाची नको, आणि झाकणं त्याच डब्यात टाकायची असतील तर तीही आधी पूर्ण वाळलेली हवीत. कड्याच्या आतल्या खाचेत पाणी सगळ्यात जास्त वेळ राहतं, तिथे बोट फिरवून बघा.