कैकेयीवरची कादंबरी : सात महिने, दोन वाचनं

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नवी पेठेतून ही कादंबरी आणली. एकदा मी एकटीने वाचली. दुसऱ्यांदा उन्हाळ्यात सासूबाईंना वाचून दाखवली. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही. त्या चटणीसाठी शेंगा फोडत बसायच्या, मी दहा-बारा पानं वाचायचे.

पहिल्यांदा रणांगणाच्या प्रकरणांवर मी भाळले. रथाच्या आसात बोट घालणारी कैकेयी आपण लहानपणापासून ऐकलेली; वाल्मीकींकडे ते बोट नाहीच. तिथे शंबरासुराशी झालेल्या लढाईत दशरथ जखमी, बेशुद्ध होतो आणि ती त्याला रणातून बाहेर काढते. दोन वर त्याचेच. लेखिकेने हाच धागा धरलाय. धूळ, बुजलेले घोडे, रक्ताने हातातून निसटणारा लगाम... सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

दुसऱ्या वाचनात मंथरा खटकली. राणीवरचा डाग काढायला तो सगळा दासीच्या अंगाला पुसलाय. मूळ रामायणात मंथरा कैकेयीच्या माहेरची दासी. सासूबाई पटकन म्हणाल्या, "माहेरनं आलेलं माणूस हाय ते. पोरीचं न्हाई बघनार तर कुनाचं बघंल?" ही समज कादंबरीत कुठेच नाही.

त्याहून मोठी तक्रार वेगळी. अयोध्याकांडाच्या १०७ व्या सर्गात खुद्द राम भरताला सांगतो, की तुझ्या आईशी लग्न करताना बाबांनी तुझ्या आजोबांना राज्यशुल्काचा, म्हणजे लग्नाच्या बदल्यात तिच्या मुलाला राज्य देण्याचा शब्द दिला होता. इतका भक्कम आधार लेखिकेने दोन ओळींत उरकला. त्याऐवजी कैकेयीला स्वप्नात भविष्य दिसतं आणि रामाच्या भल्यासाठीच ती त्याला वनात धाडते! हे मला अजिबात पटलं नाही. पोराच्या राज्यासाठी हटून बसलेली बाई मला जास्त खरी वाटते. तिला अशी सोज्ज्वळ करून तिचा रागच काढून घेतलाय.

अक्षर मोठं, कागद चांगला. बांधणी मात्र एप्रिलमध्येच सुटली, दोऱ्याने शिवून घ्यावी लागली. तरी घ्या, आणि शक्यतो कुणाला तरी वाचून दाखवा.

रामाला परत आणायला भरत निघाला तेव्हा कैकेयीही चित्रकूटला गेली होती. कादंबरीत त्याला जेमतेम दीड पान आहे. सासूबाईंनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "आन् राम काय बोलला गं तिच्यासंगं?"