बारा रविवार, बारा उतारे: शरणपूर रोडवरील शास्त्राभ्यास वर्गाविषयी

नाशिकच्या शरणपूर रोडच्या परिसरातील एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) चालवलेला बारा आठवड्यांचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबल-अभ्यासाचा, वर्ग मी यंदा जानेवारी ते एप्रिल या काळात पूर्ण केला. वर्गाला जाण्यासारखे काही आहे का, असे मला ओळखीतल्या चार-पाच जणांनी विचारले, तेव्हा प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावे असे ठरवले. मी लहानपणापासून उपासनेला जाणाऱ्या घरात वाढले आहे. संडे स्कूलमध्ये पाठ केलेली वचने मला आजही न अडखळता म्हणता येतात, आणि माझी अडचण नेमकी तिथेच होती. वचन ओठांवर असे, पण सोमवारी सकाळी कामाच्या टेबलाशी बसल्यावर त्याचे काय करायचे, हे मला उमगत नसे. या वर्गाने मला ते शिकवले, म्हणून पुढे काही उणिवा सांगणार असले तरी वर्ग उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकते.

वर्ग रविवारी दुपारी चार ते सहा या वेळेत भरतो. चारशे रुपये शुल्क आहे आणि त्यात एक पुस्तिका व दर आठवड्याचा चहा येतो. आम्ही बावीस जण होतो. त्यांत निवृत्त शिक्षिका, सातपूरच्या कारखान्यातले दोन कामगार, नर्सिंगच्या तीन विद्यार्थिनी, एक रिक्षाचालक आणि ओझरकडचे एक द्राक्ष बागायतदार काका होते. वर्ग घेणाऱ्या बाई पूर्वी महाविद्यालयात मराठी शिकवत असत, त्यामुळे शब्दाशी थांबण्याची त्यांची सवय वर्गालाही लागली. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, अधूनमधून येऊन मागच्या बाकावर बसत, पण बोलत नसत, आणि मला ते फार योग्य वाटले, कारण पाळकसाहेब बोलू लागले की आपल्याकडची माणसे वही मिटून घेतात आणि ऐकणारी होतात.

बारा आठवड्यांत बायबलमधले बाराच उतारे घेतले जातात. याकोबाच्या पत्राला तीन रविवार, येशूच्या डोंगरावरील प्रवचनाला चार, योहानाच्या पंधराव्या अध्यायाला दोन, आणि यिर्मया, लेवीय व मत्तयाचा पंचविसावा अध्याय यांना एकेक. उतारा दोन निरनिराळ्या आवाजांत दोनदा वाचला जातो आणि मग दहा मिनिटे कोणीही बोलत नाही. पहिल्या रविवारी ती दहा मिनिटे मला फार लांब वाटली होती; पाचव्या रविवारपर्यंत ती मला पुरेनाशी झाली. त्यानंतर तीन प्रश्न येतात. हे मूळ कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितले गेले? यातून देवाविषयी काय कळते? आणि पुढच्या रविवारपर्यंत मी नेमके काय करणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहावे लागते, आणि त्यात वार, माणूस आणि क्रियापद असलेच पाहिजे, असा बाईंचा आग्रह असतो. “मी अधिक प्रेमाने वागेन” हे उत्तर त्या परत पाठवतात. “मंगळवारी रात्री धाकट्या जावेला फोन करीन” हे स्वीकारतात. पुढच्या रविवारी वर्गाची सुरुवात हिशेबाने होते: केले की नाही, एवढेच सांगायचे. न केल्याबद्दल कोणी उपदेश करत नाही. केवळ ऐकणारे न होता वचनाप्रमाणे करणारे व्हा, हे याकोबाचे म्हणणे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, परंतु त्यासाठी बसण्याची पद्धतच बदलावी लागते, हे मला इथे पहिल्यांदा दिसले.

पहिल्या प्रश्नावर बाई जो भर देतात, त्याविषयी मला विशेष सांगायचे आहे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन आपल्यापैकी कितीतरी घरांत भिंतीवर असते. वर्षारंभी वचनपेटीतून (वचनांच्या चिठ्ठ्यांच्या पेटीतून) तेच निघावे असे मनातून वाटत असते, कारण देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत आणि ते भविष्याची आशा देणारे आहेत, असे ते सांगते. बाईंनी आम्हाला ते वचन वाचू दिले आणि मग दहाव्या वचनावर बोट ठेवले. तिथे सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. हे पत्र यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांना लिहिलेले आहे, आणि ते पहिल्यांदा ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना त्याच पत्रात घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी झटा, असे सांगितले आहे. वर्गात एक मुलगी होती, जिने नोकरीच्या मुलाखतीसाठी हे वचन मोबाइलच्या पडद्यावर लावले होते. तिला वाईट वाटेल अशी मला भीती होती. पण तिने त्या आठवड्यात वहीत लिहिले की, नोकरी लागेपर्यंत ती गल्लीतल्या दोन मुलांना गणित शिकवील. आणि ती शिकवणी वर्ग संपेपर्यंत चालू होती. वचनाचा मूळ अर्थ समजून घेतल्याने ते आपल्यापासून दूर जाते, असा माझा समज होता, तो त्या दिवशी गेला.

आता माझ्या स्वतःच्या आठवड्याविषयी. मी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये हिशेबाचे काम करते. हंगामात पेठ आणि सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात आणि त्यांची मजुरी आठवड्याने निघते. मुकादम हजेरीचा कागद शनिवारी दुपारी उशिरा आणून देतो, आणि माझी नाशिकची बस चुकू नये म्हणून मी कित्येकदा वाटप सोमवारवर ढकलत असे. कोणी तक्रार करत नसे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात, मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात तर सूर्य मावळण्याआधी ती द्यावी असे म्हटले आहे, आणि कारणही दिले आहे की तो गरीब आहे आणि त्याचे मन त्या मजुरीकडे लागलेले असते. बाईंनी हे दोन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवले आणि त्याच्यापुढे याकोबाच्या पाचव्या अध्यायातली अडवून ठेवलेली, ओरडणारी मजुरी ठेवली. मी त्या दहा मिनिटांच्या शांततेत माझ्या टेबलाच्या खणाकडे पाहत होते, असेच म्हणावे लागेल.

वहीत मी लिहिले: शनिवारी मजुरी वाटल्याशिवाय कुलूप लावणार नाही. त्यासाठी मुकादमाला विनंती केली की, शुक्रवार संध्याकाळपर्यंतची हजेरी त्याने त्याच रात्री द्यावी, म्हणजे शनिवारी फक्त एका दिवसाची भर घालावी लागेल. पहिल्या शनिवारी तरीही सव्वासात वाजले. मांडीवर मूल घेऊन बसलेल्या एका बाईने नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि म्हणाली, “ताई, मागच्या आठवड्याला मीठ-मिरची उधारीवर आणली होती.” ती सहज बोलली, त्यात राग नव्हता. मला मात्र रात्रीच्या बसमध्ये बसल्यावर तेवढेच वाक्य ऐकू येत होते. रविवारी मी वर्गात हिशेब दिला, तेव्हा बाईंनी एवढेच विचारले, “आणि पुढच्या शनिवारी?” हंगाम संपेपर्यंत एक शनिवार चुकला, तोही वहीत लिहिला आहे.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाचा रविवार या परिसरामुळे वेगळा झाला. परका होतो तेव्हा मला घरात घेतले, हे वाक्य आम्ही ज्या जागी बसून वाचत होतो, ते शरणपूरच 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवले, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना इथे शाळा आणि हातकाम शिकवले गेले. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या अखेरच्या प्रवासात सामील झाला, 1873 मध्ये वारलेल्या लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता, आणि 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीलाही हजर होता. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या आमच्यापैकी निम्म्यांना हे ठाऊक नव्हते. त्या आठवड्याचे काम सर्वांना एकच होते: आपण रोज पाहतो पण ज्याचे नाव आपल्याला माहीत नाही, अशा एका माणसाचे नाव विचारून घ्यायचे. आमच्या इमारतीच्या वॉचमनचे नाव मला सहा वर्षांनी कळले.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू म्हणतो की मी वेल आहे, तुम्ही फांद्या आहात, माझ्यात राहा; तो द्राक्षांच्या नाशिकमध्ये वाचणे ही वेगळीच गोष्ट आहे. जुन्या रूढ भाषांतरात वेलीच्या फांदीला ‘फाटा’ म्हटले आहे, आणि नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीला फाटा म्हणजे रस्त्याचाच ठाऊक होता. काकांनी तिला सांगितले की बागेत आम्ही ‘काडी’ म्हणतो, आणि मग तो रविवार जवळजवळ त्यांचाच झाला. बाईंनी आधी दाखवून दिले होते की दुसऱ्या वचनातले ‘साफसूफ करणे’ आणि तिसऱ्या वचनातले ‘शुद्ध’ हे मूळ ग्रीकमध्ये एकाच धातूचे शब्द आहेत, म्हणजे छाटणी आणि शुद्धी यांचा संबंध येशूच्या बोलण्यातच आहे. आणि चौथ्या ते दहाव्या वचनांपर्यंत ‘राहणे’ हे क्रियापद दहा वेळा येते.

शेवटच्या रविवारी काकांनी आम्हाला आपल्या बागेत नेले, कारण त्यांची एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यावरची छाटणी, चालू होती. माल उतरून गेलेला, ऊन तापलेले, मंडपाखाली कापलेल्या काड्यांचा ढीग. त्यांनी ओलांड्यावरची (वेलीच्या आडव्या खोडावरची) एक चांगली जाड काडी धरली आणि एकच डोळा (कोंब फुटण्याची जागा) राखून ती कात्रीने कापली. एक विद्यार्थिनी कळवळून म्हणाली की ही तर निरोगी होती. काका म्हणाले, “हिनेच यंदा घड दिला. आता ही ठेवली तर पुढच्या वर्षी नुसती पाने येतील.” मग त्यांनी जे समजावले ते मी वहीत शब्दशः उतरवून घेतले आहे. या छाटणीनंतर फुटणाऱ्या नव्या काडीवर या हंगामात फळ धरत नाहीत. फेलफूट (नको असलेली फूट) काढायची, शेंडा मारायचा, सबकेन (कापलेल्या काडीवर नवी उपकाडी) करायची, काडी पिकू द्यायची. फळ येते ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, पण डोळ्याच्या आत घड तयार होतो तो त्याच्या कितीतरी आधी, मे-जूनच्या दिवसांत, जेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला वेलीवर पानांशिवाय काहीच दिसत नाही. म्हणून गोडी छाटणीआधी बागायतदार डोळे तपासून घेतात आणि घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहून काडी कापतात.

त्यावर बाईंनी काहीही भाष्य केले नाही. आत्मिक वाढीविषयी मी आजवर पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत वाढ म्हणजे दिसणारी वाढ असते: अधिक प्रार्थना, अधिक सेवा, अधिक साक्ष. त्या मंडपाखाली मला वेलीत राहण्याचा अर्थ कळला तो असा की, ज्या महिन्यांत दाखवण्यासारखे काहीच नसते, ते महिनेही मोजले जातात. माझ्या आईच्या आजारपणाची दोन वर्षे मी वाया गेलेली समजत होते.

आता उणिवा. साक्ष, म्हणजे आपला अनुभव, सांगण्याच्या वेळेचे मधल्या एक-दोन आठवड्यांत चढाओढीत रूपांतर होऊ लागले होते. कोणी किती जणांना मदत केली, याचे आकडे येऊ लागले. बाईंनी दान गुप्तपणे करावे असे सांगणारा मत्तयाचा सहावा अध्याय काढला आणि दानधर्माचा हिशेब यापुढे वर्गात द्यायचा नाही, तो वहीतच ठेवायचा, असा नियम केला. हे त्यांनी चांगले सांभाळले, परंतु असा नियम पहिल्याच दिवशी असायला हवा.

दुसरी उणीव मोठी आहे. उद्याची चिंता करू नका, या उताऱ्याच्या रविवारी एका ताईंनी विचारले की, मुलगा रुग्णालयात आहे आणि बिल रोज वाढते आहे, तर चिंता न करणे म्हणजे नेमके काय करायचे. वेळ संपत आली होती आणि त्यांना विश्वास ठेवा, प्रभू पाहून घेईल, असे घाईचे उत्तर मिळाले. त्या पुढच्या रविवारी आल्या नाहीत. शास्त्रात त्यांच्यासाठी जागा होती. तेरावे स्तोत्र “किती काळ” असे चार वेळा विचारते, अठ्ठ्याऐंशीवे तर अंधाराच्या शब्दावरच संपते, आणि तरीही दोन्ही देवाशीच बोलतात. बारा उताऱ्यांत स्तोत्रसंहितेतला एकही उतारा नसावा, हे मला न पटणारे आहे. वर्ग आपल्याला काय करावे ते उत्तम शिकवतो. जिथे करण्यासारखे काही उरलेले नसते, तिथे काय म्हणावे, ते तो शिकवत नाही. मी हे बाईंना लिहून दिले आहे. त्या ताईंना आम्ही तिघी जणी नंतर रुग्णालयात भेटून आलो आणि तेरावे स्तोत्र त्यांच्यासोबत वाचले. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले.

बाकी किरकोळ गोष्टी. पुस्तिकेची छपाई बारीक आहे आणि ज्येष्ठांना चष्मा असूनही ती वाचता येत नाही. लहान मुले असलेल्या आयांसाठी काही सोय नाही, त्यामुळे आमच्यात तरुण आई एकही नव्हती, आणि हे नुकसान वर्गाचे आहे. ज्यांना प्रश्नोत्तरांत वाद घालायचा आहे किंवा बायबलचा इतिहास सविस्तर शिकायचा आहे, त्यांनी दुसरीकडे पाहावे. ज्यांना वचने ठाऊक आहेत पण त्यांचे काय करायचे ते कळत नाही, त्यांनी जरूर जावे. बायबल अजिबात न वाचलेले दोघे जण आमच्यात होते आणि तेही शेवटपर्यंत टिकले.

पुढचा वर्ग जुलैत सुरू होणार आहे आणि पहिल्या चार रविवारी स्तोत्रे घेण्याचा विचार असल्याचे बाईंनी मला मागच्या आठवड्यात कळवले. मी पुन्हा नाव दिले आहे. जाणाऱ्यांनी डाव्या बाजूच्या खिडकीपाशी बसावे. उजवीकडे रस्त्याचा आवाज येतो आणि दुसऱ्यांदा होणारे वाचन ऐकू येत नाही. वही घरून न्यावी, शंभर पानी पुरते.